नानांच्या वाटणीचा गूळ

खंडागळेनाना प्रश्न विचारायचे, पण उत्तर ऐकायचे नाहीत. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. आमच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन ते उभे राहायचे, एक हात दाराच्या चौकटीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "मग कंपौंडर, तुमच्या मेव्हण्याच्या जागेचं काय झालं?" माझ्या मेव्हण्याचा आणि त्याच्या चुलत्याचा जागेवरून वाद चालू होता आणि तो सांगायला लागलं की हातातला चहा गार व्हायचा. मी रंगात येऊन सांगायचो. नाना मान डोलवत राहायचे. माझं सांगून झालं की "असं हाय तर" एवढं म्हणून आत बाकावर जाऊन बसायचे. पुढच्या खेपेला परत तोच प्रश्न. मला वाटायचं, माणूस विसरभोळा आहे. शेवटी एकदा आमच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, "अरे, तुझ्या मेव्हण्याशी त्याला काय करायचंय? दम खातोय तो."

मग मी बघायला लागलो. फौंड्रीपासून गावातल्या त्यांच्या खोलीपर्यंत नानांचे थांबे ठरलेले होते. चिंचेखाली चप्पल काढून आतला खडा झाडायचा, मग तो असो वा नसो. सायकलवाल्याकडे त्याच्या म्हशीची चौकशी करायची. ओढ्यावरून गावाकडे चढ लागायचा, तिथे अर्ध्यावर एका भिंतीवर सिनेमाची जाहिरात असायची, ती ते अक्षर न् अक्षर वाचायचे. नाना एकही सिनेमा बघत नव्हते. पण त्या भिंतीवर कुठला सिनेमा कधी लागला आणि कधी उतरला, हे गावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, खंडागळेनानांना गप्पांचा भारी नाद. नानांनाही ही कीर्ती सोयीची होती.

मी डॉक्टर इनामदारांचा कंपाउंडर. बाटलीत औषध भरायचं, कागदाची कातरलेली पट्टी डोसासाठी बाटलीवर चिकटवायची, सुया उकळायच्या आणि गर्दी झाली की ओरडायचं, हे माझं काम. ओरडण्याबद्दल माझी प्रसिद्धी होती. नानांवर मात्र मला कधी ओरडता आलं नाही. ओरडायला तोंड उघडावं, तोवर ते काहीतरी विचारायचे.

भोसरीला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा नाना जामखेडकडून आले आणि एका फौंड्रीत फेटलिंगला लागले. ओतलेला लोखंडी माल वाळूतून बाहेर काढायचा, हातोड्यानं ठोकून झाडायचा आणि ग्राइंडरवर घासायचा, त्याला फेटलिंग म्हणतात. जळलेल्या वाळूचं पीठ होतं आणि ते दिवसभर हवेत असतं. तोंडाला फडकं बांधायची पद्धत होती, पण फडक्यानं धाप लागते म्हणून ते हळूहळू गळ्यात यायचं. शिफ्ट सुटल्यावर नाना कंपनीच्या नळावर डोकं धुवायचे, तेल लावायचे, पांढरी टोपी घालायचे. तरी त्यांच्या भुवया करड्याच असायच्या. मी आधी समजत होतो की त्या पिकल्या आहेत.

फौंड्रीत शिफ्ट सुटताना प्रत्येकाला गुळाचा एक खडा मिळायचा. कंपनीच द्यायची. गूळ खाल्ला की घशातली, छातीतली धूळ त्याला चिकटून खाली पोटात जाते आणि सकाळी निघून जाते, अशी मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची खात्री होती. कोणी खडा तिथेच तोंडात टाकायचा, कोणी चहाबरोबर खायचा. नाना तो रुमालात बांधायचे. त्यांची बायको सुमनला जन्म देऊन दोन-तीन वर्षांत गेली होती आणि घरात बापलेक दोघंच. सुमन दारात वाट बघत बसायची ती बापापेक्षा रुमालाचीच. शाळेत जायला लागली, दोन वेण्या घालायला लागली, पुढे साडी नेसायला लागली, तरी गुळाचा रिवाज चालू राहिला.

पुढे खोकला मागे लागला तेव्हा नानांनी त्याचं कारण स्वतःच शोधून काढलं होतं. "माझ्या वाटणीचा गूळ पोरीनं खाल्ला," ते सांगायचे, "म्हणून माझी धूळ आतच ऱ्हायली." ह्यात तक्रार नसायची. उलट थोडा अभिमानच असायचा, की बघा, आम्ही पोरीला काय घालून वाढवलं.

औषधाच्या बाबतीत नानांनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नाही. घरमालकीण अडुळशाचा काढा द्यायची, तो घ्यायचे. शेजारच्या खोलीतला कोकणातला एकजण धोतऱ्याची वाळलेली पानं विडीत भरून ओढायला द्यायचा, ती ओढायचे. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देणारा कोणी महाराज आळंदीकडे यायचा, त्याच्याकडेही जाऊन आले. आणि आमची गुलाबी बाटली चालूच. चार दिवस जरा बरं वाटलं की नाना प्रत्येकाला बाजूला घेऊन हळूच सांगायचे, "तुमच्याच औषधानं उतार पडला बरं का." मलाही सांगायचे. मी खूश होऊन पुढची बाटली जरा वरपर्यंत भरायचो. एकदा घरमालकीण दवाखान्यात आली आणि अडुळशाचा मोठेपणा सांगायला लागली, तेव्हा हा सगळा प्रकार उघडकीला आला.

आमच्याकडे येण्याआधी कुठल्याशा डॉक्टरांनी त्यांना क्षय ठरवून रोज इंजेक्शनं दिली होती. तेव्हा घरमालकिणीनं त्यांचा कप वेगळा केला, कानतुटका. इंजेक्शनं संपली, खोकला होता तसाच राहिला, आणि कपही वेगळाच राहिला. इनामदारांनी पुण्याहून छातीचा फोटो काढून आणवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं, की हा क्षय नाही, ही वाळू आहे. मी मागे उभा होतो. दोन्ही फुफ्फुसांवर पीठ सांडल्यासारखे बारीक ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, की गोळ्यांनी नळ्या थोड्या उघडतील, फार झालं तर शिरेतून इंजेक्शन देऊ, पण बसलेली वाळू काढायचं औषध जगात नाही. खरं औषध एकच, धुळीतून बाहेर पडणं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरमालकिणीला तेवढं सांगा म्हणाले, कपाचं.

सुमनचं लग्न ठरलं ते ह्याच सुमाराला. मुलगा अंकुश, चाकणच्या पलीकडचा. तुकडाभर जमीन, बाकी चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायच्या. अंगानं मजबूत, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हता. त्या दिवसांत त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला मुलगा कंपनीत चिकटवायचा असायचा. नानांच्या फौंड्रीत एक रिवाज होता. कामगार नोकरीत असताना मेला किंवा आजारी म्हणून निघाला, तर त्याच्या जागेवर, त्याच खात्यात, घरातला एक माणूस लागायचा. मुलगा नसेल तर जावई चालायचा. पण पूर्ण नोकरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निघाला, तर हार आणि घड्याळ मिळायचं, जागा जायची. सुपारी फुटली ती ह्या बोलीवर, की लग्न झालं की नाना आजारी म्हणून निघतील आणि अंकुशला जागा देतील. नानांनी हा शब्द आनंदानं दिला. ह्याहून मोठं त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नाना आजारपणाचा दाखला मागायला आले. नवी टोपी, चेहरा फुललेला. इनामदारही खूश झाले, कारण कधीपासून ते हेच सांगत होते. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, की जागेवर कोण येतंय.

"जावई," नाना म्हणाले. "पण तो माझ्यासारखा येडेपणा करणार न्हाई. त्याला बजावून सांगितलंय, गूळ रोजच्या रोज तिथंच खायचा. घरी आणायचा न्हाई."

डॉक्टरांचा हात थांबला. मला वाटलं, हे आता बोलणार नाहीत. बोलले नसते तर दाखला झाला असता, नाना सुटले असते आणि आमचंही काम संपलं असतं. पण इनामदारांना गप्प बसणं जमायचं नाही.

"नाना, गूळ फुफ्फुसात जात नाही."

"मग कुठं जातो?"

"पोटात. अन्नाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी. तुम्ही रोज शेरभर गूळ खाल्ला असता तरी आज हाच फोटो आला असता."

नानांनी नवी टोपी काढून हातात घेतली. प्रश्नही विचारला नाही. मग म्हणाले, की दाखला आजच नको, जरा बघतो. काय बघणार, ते आम्हाला कळेना.

ते कळलं रविवारी. सकाळी मला त्यांनी घरून उचललं आणि तळ्याच्या बाजूला रज्जाकभाईंच्या मटणाच्या दुकानात घेऊन गेले. मला वाटलं, जावई जेवायला येतोय. नानांनी रज्जाकभाईंना नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या दोन्ही नळ्या दाखवायला सांगितल्या. रज्जाकभाईंना गिऱ्हाइकांच्या तऱ्हा ठाऊक होत्या, तरी ते जरा बघत राहिले. मग त्यांनी फोफसं उचललं, त्यावरची कडक, कड्याकड्यांची नळी दाखवली, आणि तिला मागून चिकटलेली मऊ नळी बोटानं सोडवून वेगळी केली. म्हणाले, "ये हवा की, ये चारा की. ही पोटात जाते, ही हिथंच." नानांनी विचारलं, की खाली कुठे दोन्ही मिळतात का. रज्जाकभाई म्हणाले, की इतकी वर्षं कापतोय, मिळालेल्या बघितल्या नाहीत. नानांनी हवेच्या नळीचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, मलाही लाज वाटत होती. मी त्यांचा हात धरून बाहेर आणलं. ते तळ्याच्या कठड्यावर बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कुठलंही निमित्त न काढता धापा टाकताना पाहिलं.

"म्हंजे त्याला बी हेच," ते म्हणाले.

दाखला राहिला तो राहिला. नानांनी आपला बेत इनामदारांना येऊन सांगितला. अठ्ठावन्नाला तीन-चार वर्षं होती. तेवढी काढायची, घड्याळ घ्यायचं, म्हणजे जागा आपोआप जाते आणि कोणाला शब्द मोडला असं म्हणायची वेळ येत नाही. डॉक्टरांनी सुनावलं, की ह्या छातीनं त्या धुळीत तेवढी वर्षं निघणार नाहीत. नानांनी विचारलं, मधेच मेलो तर? डॉक्टर म्हणाले, की मग जागा अंकुशलाच.

"म्हंजे आजारी बी पडायचं न्हाई आणि मरायचं बी न्हाई," नाना म्हणाले. "मग तुमीच बघा आता काय ते."

हलकं काम मागावं, गेटवर बसावं, हे आम्ही सुचवलं. पण हलकं काम मागायचं म्हणजे आजारी आहे असं लिहून द्यायचं, आणि एकदा आजारी लिहिलं की कंपनी निघायला सांगणार, जागा अंकुशकडे. कुठूनही गेलं तरी रस्ता त्याच दाराशी येत होता. नुसता राजीनामा द्यावा, तर दिलेला शब्द उघडउघड मोडत होता. शब्द दिला नसता तर बरं, असं मी एकदा बोललो. नाना म्हणाले, की मग पोरीचं लग्न झालं नसतं.

अंकुशला आणि व्याह्यांना त्यांनी समजावून पाहिलं नाही असं नाही. चाकणला जाऊन फोटो दाखवला. अंकुश म्हणाला, कांद्याच्या बाजारात काय धूळ नाही? व्याही जास्त शहाणे. ते म्हणाले, "त्याच धुळीत तुमी पोरगी वाढिवली, लगीन केलं. आता आमच्या पोराची पाळी आली तवा धूळ वाईट झाली व्हय?" ते खरंच होतं. नाना फोटो गुंडाळून परत आले. सहा महिने व्याह्यांनी वाट पाहिली आणि मग सुमनला भोसरीला आणून सोडलं. जागा मिळाली की घेऊन जाऊ, असं सांगून गेले. तिला तेव्हा दिवस गेले होते.

सुमन माझ्यासमोर बापाशी एकदाच बोलली. त्यांच्यासाठी गोळ्या न्यायला आली होती आणि मागोमाग नाना आले. ती आवाज न चढवता म्हणाली, "नाना, त्यांना धूळ लागायची तेव्हा लागंल. माझा संसार आज मोडतोय." नानांनी चौकटीला हात टेकला. मला वाटलं, आता मेव्हण्याचं विचारतील. पण त्यांनी मान खाली घातली आणि गोळ्यांची पुडी तिच्या हातातून घेतली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं जवळजवळ बंद झालं.

आता आमच्या औषधांचं काय झालं ते सांगतो. इनामदारांनी त्यांना मेणबत्तीचा व्यायाम शिकवला होता. मेणबत्ती पुढे ठेवायची, ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकायचं, ज्योत वाकली पाहिजे पण विझता कामा नये. त्यानं आत अडकलेली हवा बाहेर पडते. नाना हे मनापासून करायचे. सुमन त्यांच्याशी बोलायची नाही, पण संध्याकाळी मेणबत्ती लावून त्यांच्या पुढ्यात ठेवायची, आणि ज्योत विझली तर पुन्हा लावायची. पांढऱ्या गोळीनं त्यांचे हात थरथरायचे आणि झोप जायची, तिला त्यांनी नाचरी गोळी असं नाव ठेवलं होतं. डॉक्टरांनी ती रात्री घ्यायला सांगितली होती. नाना ती सकाळी घ्यायचे, शिफ्टला जाताना. शिरेतलं इंजेक्शन खूप हळू द्यावं लागायचं, नाहीतर छाती धडधडते. ते फार त्रास होईल तेव्हासाठी होतं. नाना ते सोमवारी सकाळी मागायला लागले, आठवड्याची सुरुवात बरी व्हावी म्हणून. पुढे फवाऱ्याचा छोटा पंप निघाला. डॉक्टरांनी तो मुंबईहून मागवला आणि हा घरी धाप लागेल तेव्हा ओढा म्हणून दिला. नाना तो फौंड्रीच्या गेटाबाहेर ओढायचे आणि आत जायचे.

एक दिवस पेशंट संपल्यावर इनामदार हातातली सुई तशीच ट्रेमध्ये टाकून म्हणाले, "मी ह्याला बरं करत नाहीये रे. मी ह्याला रोज धुळीत नेऊन सोडतोय." पुढच्या सोमवारी नाना आले तेव्हा ते इंजेक्शन देणार नाही म्हणाले. नाना म्हणाले, "नका देऊ. तसाच जातो." आणि उठले. दारापर्यंत जाताना त्यांच्या छातीतला आवाज बाहेरच्या बाकावर ऐकू येत होता. डॉक्टरांनी मला सुई उकळायला सांगितलं. मला तेव्हा डॉक्टरांचा राग यायचा, नानांचा यायचा, त्या व्याह्यांचा यायचा, आणि ह्यातल्या कोणाला बोल लावावा तर त्याची चूकही सापडायची नाही, ह्याचा सगळ्यात जास्त यायचा. घरी जाऊन मी उगीच बायकोवर डाफरायचो.

कंपनीत वर्षाला तपासणी असायची. त्या दिवशी आमच्याकडे सकाळचं इंजेक्शन, वर गोळी, गेटाबाहेर पंप, अशी सगळी तयारी. तरी एका वर्षी नवा डॉक्टर होता आणि तो नळी छातीला लावून दीर्घ श्वास घ्या म्हणाला. दीर्घ श्वास घेतला असता तर खोकल्याची उबळ आली असती. नानांनी विचारलं, "साहेब, गाव कोणतं आपलं?" साहेबांचं गाव निघालं कोल्हापूरकडचं. तिथल्या उसाचं, पाण्याचं, पैलवानांचं सांगता सांगता साहेबांनी नळी कानातून काढली आणि सही करून टाकली. हे नानांनी मला येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. हसण्यानं त्यांना उबळ आली आणि ती लवकर थांबेना. मी पाठीवर हात फिरवत बसलो.

बरोबरचे कामगार त्यांना सांभाळून घ्यायचे. जड माल उचलू द्यायचे नाहीत, दाराजवळचा ग्राइंडर द्यायचे. पण मागे म्हणायचे, की म्हाताऱ्याला नोकरी सुटत नाही, जावयाचं बघवत नाही. मी म्हटलं, नाना, त्यांना खरं का सांगत नाही? गुळाचंही सांगून टाका, निदान तोंडाला फडकं तरी नीट बांधतील. नाना शिफ्ट सुटल्यावर आता आपला खडा तिथेच सगळ्यांसमोर खात असत, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "फडक्याचं सांगतो मी रोज. गुळाचं न्हाई सांगत. त्यांनी जायचं कुठं सांगा? एवढा एक गूळ हाय त्यांच्याजवळ, तो कशाला काढून घेऊ?" मला हे पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. 

सुमनला मुलगी झाली. चाकणहून बारशाला कोणी आलं नाही. पोरगी रांगायला लागली, चालायला लागली. नानांचे थांबे वाढत गेले. भिंतीवरच्या जाहिरातीपर्यंत पोचायच्या आधी आणखी दोन ठिकाणी त्यांना काहीतरी वाचावं लागायचं आणि तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या वर्षात ते मला काही विचारायचेही नाहीत. प्रश्नापुरताही दम उरत नव्हता. नुसते चौकटीला धरून उभे राहायचे, आणि मग मीच आपणहून मेव्हण्याचं सुरू करायचो. वाद तोवर मिटला होता. मी तो चालू ठेवला होता.

तर नाना पोचले. निवृत्तीच्या दिवशी फौंड्रीत सभा झाली. इनामदारांनी मला पंप खिशात घालून त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. हारातल्या निशिगंधाच्या वासानं त्यांना खोकला यायला लागला म्हणून तो लगेच काढून माझ्या हातात दिला. घड्याळ मिळालं. शिफ्ट सुटताना गूळ वाटला गेला, नानांनाही त्यांचा खडा मिळाला. तो त्यांनी खाल्ला नाही. फार वर्षांनी मी त्यांना रुमाल काढताना पाहिलं.

परत येताना ओढ्याशी ते बसले ते बसलेच. पंप ओढून झाला, तरी उठवेना. चढ समोर होता. मी टांगा बघायला निघणार, तेवढ्यात मागून सायकल आली. अंकुश. लग्नानंतर नानांशी तो धड बोलला नव्हता. चाकणहून सायकल मारत आला होता सुमनला आणि पोरीला न्यायला. जागाच गेली, आता अडवून कोणाला काय मिळणार होतं? त्यानं आमच्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, घड्याळाच्या खोक्याकडे पाहिलं. सायकल आडवी धरून म्हणाला, "बसा." मी धरून नानांना कॅरियरवर बसवलं. त्यांनी सीटला दोन्ही हातांनी पकडलं. अंकुश हँडल धरून सायकल ढकलायला लागला.

त्यानंतर नाना फार काळ जगले नाहीत, पुढचा हिवाळा त्यांना काढता आला नाही. जावयानं त्यांना कधी माफ केलं असं मला वाटत नाही. पण मला नाना आठवतात ते त्या चढावर.

अंकुशनं ओढ्यापासून जे तोंड सोडलं ते थांबेना. तुम्ही माझं वाटोळं केलं. शब्द दिला आणि खाल्ला. माझ्याबरोबरची पोरं कंपन्यांत लागली, त्यांनी घरं बांधली, मी अजून गोण्या उचलतो. माझ्या पोरीचं तोंड मला आज दिसणार आहे. हे सगळं तो मोठ्या आवाजात, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, सायकल आणि सायकलवरचा माणूस ढकलत बोलत होता. मी मागून हार घेऊन चालत होतो, आणि मलाही धाप लागली होती. मी दोनदा म्हटलं, अरे बाबा, आता पुरे, त्यांची तब्येत बघ. नाना हात करून मला गप्प करायचे.

चढ संपला तिथे अंकुशनं सायकल थांबवली, घाम पुसला. नानांनी मान वळवून मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज जेमतेम येत होता.

"कंपौंडर, सगळा चढ बोलत आला. मधे एकदा तरी दम खायला थांबला का?"

मी म्हणालो, नाही थांबला.

नानांनी मान हलवली. मग थोडा दम गोळा करून त्यांनी जावयाच्या पाठीकडे बघत विचारलं, "मग, कांद्याचं काय म्हणतोय बाजार?" अंकुश भडकला. सायकल पुढे रेटत त्यानं बाजाराचं सुरू केलं, आडत्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत, श्वास न घेता. नाना सीटला धरून, पुढे वाकून, कान देऊन बसले होते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.